श्रेडरच्या हॅमरसाठी वेअर टेस्टिंग मशीन: पिन-ऑन-डिस्क घ्यायचं का रबर व्हील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर भागातली एक फाउंड्री साखर कारखान्यांना श्रेडरचे, म्हणजे गाळपाआधी ऊस फोडून बारीक करणाऱ्या यंत्राचे, हॅमर पुरवते, काही हाय क्रोम (भरपूर क्रोमियम असलेल्या) कास्टिंगचे, काही माइल्ड स्टीलवर हार्डफेसिंग केलेले, म्हणजे वर वेल्डिंगने कडक धातूचा थर चढवलेले. कारखान्याचे परचेसवाले आता ऑर्डरबरोबर वेअर टेस्टचा, म्हणजे झिजेच्या चाचणीचा, रिपोर्ट मागायला लागलेत. मालक लॅबमध्ये एकच मशीन घ्यायला तयार आहेत आणि सप्लायरने पिन-ऑन-डिस्कचं कोटेशन दिलंय. घ्यावं का?

माझं उत्तर, नका घेऊ. मशीन वाईट आहे असं अजिबात नाही, पिन-ऑन-डिस्कवर मी स्वतः बरीच वर्षं काम केलंय आणि ज्याच्यासाठी ते बनवलंय त्याला ते उत्तमच आहे, पण तुमचा हॅमर ज्या तऱ्हेने झिजतो ती झीज त्या मशीनमध्ये होतच नाही. तुम्हाला आधी रबर व्हील लागेल, एएसटीएम ह्या अमेरिकन संस्थेच्या जी ६५ स्टँडर्डवालं. का ते सांगतो, आणि ते घेतल्यावर कुठं कुठं चुकायला होतं तेही सांगतो, कारण खरी गडबड मशीन आल्यानंतरच होते.

पण कोटेशन बाजूला ठेवून आधी एक काम करा. कारखान्यातून गेल्या हंगामात उतरवलेले दहा-बारा जुने हॅमर मागवा, पाण्याने ब्रश मारून स्वच्छ धुवा, वाळवा आणि दहा पट मोठं दिसणाऱ्या भिंगाखाली एकेक बघा. कडा गोल झालीय, पुढचा भाग चकचकीत गुळगुळीत आहे आणि त्यावर एकाच दिशेने बारीक ओरखडे आहेत, तर ते उसाबरोबर येणाऱ्या मातीचं आणि वाळूचं काम. पावसात तोडलेला ऊस किंवा हार्वेस्टरने काढलेला ऊस आला की माती जास्त येते आणि हॅमर लवकर उतरवावे लागतात हे कारखान्यातला कुठलाही फिटर तुम्हाला सांगेल. कोपऱ्याचा तुकडाच उडालाय आणि तुटलेली जागा दाणेदार दिसतेय, तर दगड किंवा लोखंड लागलंय, मोळीबरोबर कोयता येतो, बोल्ट येतो, साखळीची कडी येते. आणि हार्डफेसिंगचा थर पापडासारखा सुटून आलाय, तर तो वेल्डिंगचा प्रश्न आहे, झिजण्याचा नाही. आता मोजा, दहातले किती कशाने गेले. सहा-सात जर तुकडे उडून गेले असतील तर जगातलं कुठलंही घासायचं मशीन घेऊन फायदा नाही, तुम्हाला इम्पॅक्ट टेस्ट आणि हीट ट्रीटमेंटकडे बघावं लागेल. एक दुपार जाते ह्या कामात, आणि लाखांचा निर्णय त्यावर ठरतो म्हणून एवढं आग्रहाने सांगतोय.

आता पिन-ऑन-डिस्क काय करतं ते बघा. एक डिस्क फिरते, तिच्यावर पिन किंवा बॉल ठरावीक वजनाने दाबलेला असतो, घर्षणाचा फोर्स लोड सेल मोजतो, झीज एलव्हीडीटी, म्हणजे बारीक हालचाल मोजणारा सेन्सर, मोजतो. स्टँडर्ड एएसटीएम जी ९९. ट्रॅकचा व्यास ८० मिमी ठेवला आणि ४७८ आरपीएम लावले की वेग सेकंदाला २ मीटर येतो, १००० मीटर सरकायला ५०० सेकंद लागतात, असं सगळं गणितात बसवता येतं. दोन धातू एकमेकांवर सरकतात तिथं हे मशीन बोलतं, बुश आणि शाफ्ट, पिस्टन रिंग आणि लायनर, ब्रेकचं लायनिंग, कोटिंग, असल्या जोड्या. पण त्यात माती कुठंय? तुमच्या हाय क्रोमची पिन कडक डिस्कवर घासली तर वजनातला फरक इतका कमी येतो की काट्याची चूक आणि झीज वेगळी काढता येत नाही, आणि स्क्रीनवरचा मायक्रॉनचा आकडा बघून खूष व्हाल तर त्यात पिन तापून वाढलेली असते, मध्ये भुगा अडकलेला असतो, कधीकधी झीज चक्क मायनसमध्ये दिसते. एलव्हीडीटीचा ग्राफ हा चढउतार बघायला, झीज मोजायची ती वजनावर किंवा ट्रॅकच्या प्रोफाइलवर.

रबर व्हील दिसायला अगदी साधं मशीन आहे. २२८.६ मिमी व्यासाचं, १२.७ मिमी रुंद चाक, कडेला क्लोरोब्युटिल रबर, कडकपणा शोअर ए ह्या रबराच्या मापावर ६० च्या आसपास. तुमचा सॅम्पल, साधारण २५ बाय ७६ मिमीची पट्टी, उभा धरलेला असतो आणि लिव्हरला वजन लावून तो चाकावर दाबला जातो. वरून हॉपरमधून नोझलवाटे कोरडी वाळू चाक आणि सॅम्पलच्या मध्ये पडत राहते, मिनिटाला ३०० ते ४०० ग्रॅम. चाक २०० आरपीएमने फिरतं आणि रबर त्या वाळूचे दाणे सॅम्पलवरून ओढत नेतं. प्रोसिजर ए मध्ये १३० न्यूटन दाब आणि ६००० फेरे, म्हणजे ४३०९ मीटर घासणं, अर्धा तास. बी मध्ये तोच दाब पण २००० फेरे. डी मध्ये ६००० फेरेच पण दाब ४५ न्यूटन. हाय क्रोम आणि हार्डफेसिंगला ए लावा, साध्या स्टीलला बी, आणि पॉलिमर-बिलिमर किंवा पातळ कोटिंग आलं तर हलकी प्रोसिजर. हिशोब करा, ए च्या एका टेस्टला ९ ते १२ किलो वाळू जाते आणि ती परत वापरायची नाही, दाणे फुटलेले असतात. मशीनचं बजेट करताना वाळूचं बजेट कुणी करत नाही आणि मग तिसऱ्या महिन्यात तीच वाळू चाळून परत टाकायला सुरुवात होते.

वाळूवर जरा थांबतो, कारण फाउंड्रीवाल्यांचा इथं हमखास गोंधळ होतो. स्टँडर्डमध्ये एएफएस ५०/७० टेस्ट सँड लिहिलंय, अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाची गोल दाण्याची क्वार्ट्झ वाळू. तुमच्या सँड लॅबमध्ये एएफएस नंबर, म्हणजे वाळूच्या बारीकपणाचा सरासरी आकडा, रोज काढतात त्यामुळे वाटतं की आपल्याकडची ५५-६० एएफएसची मोल्डिंग सँड चालेल. नाही चालत. इथं ५०/७० म्हणजे ५० नंबरच्या चाळणीतून पडलेली आणि ७० नंबरवर राहिलेली, म्हणजे बहुतेक दाणे ३०० ते २१२ मायक्रॉनच्या मधले, खूप अरुंद पट्टा आहे. आणि दाणा गोल पाहिजे. टोकेरी दाण्याची वाळू टाकलीत तर तोच धातू जास्त कापला जातो आणि तुमचा आकडा दुसऱ्या कुठल्याच लॅबशी जुळणार नाही. सिमेंट टेस्टिंगची एन्नोरची वाळूही तशीच्या तशी चालत नाही, तिच्या ग्रेड वेगळ्या मापाच्या आहेत. इंपोर्टेड वाळू परवडत नसेल तर एक चांगली इकडची गोल दाण्याची वाळू शोधा, तुमच्याच चाळण्यांवर तो पट्टा वेगळा काढा, एकदम वर्षभराचा लॉट करून ठेवा आणि रिपोर्टवर स्पष्ट लिहा की वाळू कुठली आहे. तुमच्या तुमच्यात तुलना करायला ते पूर्ण चालतं, फक्त त्याला जी ६५ प्रमाणे असं म्हणू नका.

दुसरी गोष्ट ओलावा. वाळूत अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त ओल चालत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं पण कळलं एका जुलैमध्ये. एकाच बारमधून कापलेले सॅम्पल, मे महिन्यात आणि जुलैत, आणि जुलैत झीज भलतीच वेगळी आणि तीन सॅम्पलचे तीन तऱ्हेचे आकडे. आम्ही मटेरियलवर शंका घेतली, हार्डनेस परत काढला, मायक्रोस्ट्रक्चर बघितलं, काट्याचं कॅलिब्रेशन केलं, चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी मी नुसता मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो आणि टॉर्च मारून नोझलकडे बघत राहिलो. वाळूचा पडदा काचेसारखा सलग पडायला पाहिजे, पातळ आणि सरळ, तो मध्येच फाटत होता, क्षणभर दोन धारा व्हायच्या आणि परत एक. पडदा फाटला की तेवढ्या वेळात रबर सरळ धातूवर घासतं आणि हलका रबर जळल्याचा वास येतो, तो वास चार दिवस लॅबमध्ये होता आणि आमच्या कुणाच्या लक्षात आला नव्हता. वाळू पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यात होती, पावसाळी हवा पीत होती. तेव्हापासून वाळू ओव्हनमध्ये वाळवून झाकणाच्या ड्रममध्ये, आणि टेस्ट सुरू करायच्या आधी नोझलखाली भांडं धरून एक मिनिट वाळू घेऊन वजन करायचं, ही सवय लावून घेतली. तुम्हीही लावा, कोल्हापूरचा पाऊस मी सांगायला नको.

टेस्ट झाल्यावर घासलेली जागा, ज्याला आपण स्कार म्हणतो, ती बघायला शिका, आकड्याच्या आधी ती सांगते. चांगला स्कार दोन्ही बाजूंनी सारखा असतो, मध्ये खोल आणि टोकांना निमुळता. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद आला तर चाक आणि सॅम्पल एका रेषेत नाहीत किंवा वाळू एकाच बाजूला पडतेय, ती टेस्ट फेकून द्या. कडा खणल्यासारख्या झाल्या असतील तर रबरात खाचा पडल्यात, चाक ड्रेस करून, म्हणजे घासून सारखं करून, घ्या. चाक झिजत झिजत २१५.९ मिमीवर आलं की बदलायचं, आणि तोपर्यंत व्यास कमी झाल्याचं करेक्शन लावायचं, २२८.६ भागिले आत्ताचा व्यास, त्याने झीज गुणायची. रबर जुनं झालं की कडक होतं त्यामुळे शोअर ए चं ड्युरोमीटर मशीनशेजारीच ठेवा.

आणि स्कार मायक्रोस्कोपखाली नक्की बघा, तुम्हाला मेटलर्जी येत असेल तर हा भाग फार आवडेल. क्वार्ट्झचा कडकपणा हजार-अकराशे विकर्सच्या आसपास असतो. मार्टेन्साइट, म्हणजे हीट ट्रीटमेंटने कडक झालेल्या स्टीलची रचना, त्याच्यापेक्षा मऊ, म्हणून वाळू त्यात सरळ नांगर घालते. क्रोमियम कार्बाइड वाळूपेक्षा कडक, ते तग धरतं. म्हणून हाय क्रोमच्या स्कारमध्ये आजूबाजूचा धातू खाली गेलेला आणि कार्बाइड वर राहिलेले दिसतात, तोडणीनंतर शेतात उसाचे बुडखे उभे असतात ना, तसे. बुडखे घट्ट धरलेले दिसले तर कास्टिंग चांगलं, बुडखे उपटून गेलेले आणि नुसते खड्डे दिसले तर आजूबाजूचा धातू मऊ राहिलाय, हीट ट्रीटमेंटमध्ये पर्लाइट ही मऊ रचना झालीय का बघा. नुसती रॉकवेल सी ची हार्डनेस टेस्ट मारून हे कधीच कळलं नसतं, एकाच हार्डनेसच्या दोन कास्टिंगमध्ये झिजेचा दीडपट-दुप्पट फरक मी बघितलाय.

सॅम्पल काढतानाच्या चुका. गॅस कटिंगने काढू नका, वायर कट करा, नाहीतर कड तापून टेम्पर जातो. सरफेस ग्राइंडिंग हळू आणि भरपूर कूलंट सोडून, घाई केली की वरचा थर जळतो आणि तुम्ही जळलेला थर टेस्ट करता. हार्डफेसिंगचा सॅम्पल असेल तर एका थरावर टेस्ट करू नका, पहिल्या थरात खालचं माइल्ड स्टील मिसळलेलं असतं, कार्बन आणि क्रोमियम दोन्ही पातळ झालेले असतात, निदान दोन थर टाका आणि वरचा थर सपाट करून टेस्ट करा. पण हॅमरवर तुमचा वेल्डर प्रत्यक्षात एकच थर टाकत असेल तर मात्र एका थराचाच सॅम्पल करा, कारण कारखान्यात जाणार तोच आहे! क्रोम कार्बाइडच्या हार्डफेसिंगला आडव्या बारीक चिरा पडतातच, त्याला घाबरू नका, फक्त त्या चिरा बेसमध्ये उतरलेल्या नाहीत ना ते बघा.

झीज ग्रॅममध्ये कधीच लिहू नका, घनमिलिमीटरमध्ये लिहा. समजा दोन सॅम्पलचं वजन सारखंच ०.३० ग्रॅम कमी झालं. एक स्टीलचा, घनता ७.८५, म्हणजे ३८ घनमिलिमीटर गेलं. दुसरा टंगस्टन कार्बाइडचा, घनता १५ च्या जवळ, म्हणजे २० घनमिलिमीटर. वजनात बरोबरी आणि प्रत्यक्षात जवळपास निम्मी झीज. टंगस्टन कार्बाइडची टीप लावलेले हॅमर विकणारे तुमच्या समोर येणार आहेत, त्यांच्याशी तुलना होताना हा हिशोब नीट असू द्या. काटा निदान एक मिलिग्रॅम दाखवणारा पाहिजे, दशांश मिलिग्रॅमचा असेल तर उत्तम, आणि वजन करायच्या आधी सॅम्पल सॉल्व्हंटने धुऊन पूर्ण वाळवायचा, कास्टिंगच्या छिद्रात अडकलेला वाळूचा एक दाणासुद्धा आकडा हलवतो.

आणि रेफरन्स सॅम्पल. डी २ टूल स्टीलची एक प्लेट घ्या, एकाच हीटची (एकाच वेळी वितळवलेल्या धातूची), एकदम हीट ट्रीट करून घ्या, वीस-पंचवीस तुकडे करून कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा आणि वाळूचा किंवा चाकाचा लॉट बदलला की एक तुकडा चालवा आणि भिंतीवर ग्राफ लावा. सारख्या सॅम्पलचे आकडे पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त वरखाली व्हायला लागले की मी गिऱ्हाइकाचं काम थांबवतो आणि मशीन उघडतो. एखाद्या ऑडिटरने मला विचारलं की ह्या लॅबवर विश्वास का ठेवायचा तर मी सर्टिफिकेटच्या आधी तो भिंतीवरचा ग्राफ दाखवेन.

आता रबर व्हील काय सांगत नाही तेही ऐका, मालकांना हे आधीच सांगून ठेवा. ही हलक्या दाबाची झीज आहे, दाणा रबरात दबतो, फुटत नाही फारसा, आणि धक्का शून्य. चाकाचा वेग सेकंदाला २.४ मीटरच्या आसपास, तुमच्या श्रेडरचा हजार-बाराशे आरपीएम, फिरण्याचा व्यास दीड मीटर धरला तर टोकाला ७८ मीटरच्या पुढे. त्यामुळे आकडा दुप्पट चांगला आला म्हणजे हॅमर दुप्पट दिवस टिकेल असं कारखान्याला कधीही लिहून देऊ नका. ह्या मशीनवर क्रमवारी मिळते, कोण पुढे कोण मागे, दिवस मिळत नाहीत.

मँगनीज स्टीलचं उदाहरण ह्याला सगळ्यात चांगलं. हॅडफिल्डने १८८२ मध्ये काढलेलं ते स्टील, साधारण १२ टक्के मँगनीज, धक्के बसले की वरचा थर कडक होत जातो. दगड फोडायच्या जॉ क्रशरमध्ये ते राजा आहे. रबर व्हीलवर त्याला धक्काच बसत नाही, कडक व्हायची संधी मिळत नाही, आणि ते हाय क्रोमच्या खूप मागे पडतं. फक्त हा रिपोर्ट बघून कुणी क्रशरच्या प्लेटा हाय क्रोमच्या करायला गेला तर त्या पहिल्या मोठ्या दगडाला फुटतील. क्रशरच्या झिजेसाठी वेगळी टेस्ट आहे, एएसटीएम जी ८१, त्यात छोटा जॉ क्रशरच वापरतात, एक प्लेट तुमची एक रेफरन्सची. तुमच्या हॅमरला माती आणि धक्का दोन्ही आहे, म्हणून रबर व्हीलच्या आकड्याशेजारी त्याच हीटचा इम्पॅक्टचा आकडा पाहिजेच. हाय क्रोमला बिना खाचेचे इम्पॅक्ट सॅम्पल करा, खाच मारली तर सगळेच आकडे इतके खाली येतात की फरकच दिसत नाही.

बाकी मशिनांची नावं तुम्ही ऐकाल, एका दमात सांगतो. टेबर अब्रेडर पेंट, लॅमिनेट, कोटिंगसाठी, दोन घासणारी चाकं आणि फिरणारी प्लेट. रबर आणि कन्व्हेअर बेल्टला फिरत्या ड्रमवर पॉलिश पेपर लावलेलं डिन अब्रेडर, १० न्यूटन दाब, ४० मीटर घासणं. ग्रीस-ऑइलला फोर बॉल, ४० किलो लोड, १२०० आरपीएम, ७५ डिग्री, एक तास. रस्त्याच्या खडीला लॉस एंजेलिस मशीन, ड्रममध्ये खडी आणि स्टीलचे गोळे. राख मिसळलेल्या हवेने पाइप झिजतो तिथं एअर जेट इरोजन, जी ७६. गाळाच्या पंपाला स्लरीची टेस्ट, जी ७५. सगळी मशिनं वेअरच मोजतात पण एकाचा आकडा दुसऱ्यावर नेता येत नाही, आणि सप्लायरचा माणूस नेऊन दाखवत असेल तर त्याला चहा पाजून पाठवा.

मशीन घ्यायच्या आधी सात-आठ सॅम्पल एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधून करून आणा, पण मान्यता त्याच टेस्टची आहे ना ते स्कोपमध्ये, म्हणजे मान्य टेस्टच्या यादीत, बघा, लॅबला एनएबीएल आहे एवढं पुरत नाही. ते आकडे पुढं तुमचं स्वतःचं मशीन लावताना उपयोगी पडतील. मशीन आपल्याकडेही बनतं, ट्रायबोलॉजीची मशिनं बनवणारे बंगलोरला चांगले आहेत, डुकॉमसारखे. विकत घेताना रंग आणि टचस्क्रीन बघू नका, चार गोष्टी बघा: दाब खरा १३० न्यूटन येतो का हे स्प्रिंग बॅलन्सने तुमच्यासमोर मोजून दाखवा म्हणावं, चाकाचा रनआउट, म्हणजे फिरताना ते किती डगमगतं ते, डायल लावून, नोझलमधून वाळूचा पडदा सलग पडतो का, आणि स्पेअर चाक किती दिवसांत मिळेल. ह्यातली चौथी गोष्ट पीओमध्ये (परचेस ऑर्डरमध्ये) लेखी घ्या.

शेवटची परीक्षा मात्र कारखान्यातच करा, येत्या गळीत हंगामात. एखाद्या चीफ इंजिनिअरला विश्वासात घ्या, ह्या कामात त्यांचाही फायदा आहे. रोटरच्या एकाच रांगेत जुने आणि नवीन हॅमर एक सोडून एक बसवा, समोरासमोरचे वजनाने जुळवून, नाहीतर व्हायब्रेशनने बेअरिंग जाईल. प्रत्येकावर नंबर पंच करा, पंच अशा जागी जी झिजत नाही, म्हणजे पिनच्या भोकाजवळ. बसवायच्या आधी वजन, मग ठरावीक टन गाळप झाल्यावर क्लीनिंगच्या दिवशी उतरवून, धुऊन, परत वजन. टोकाच्या हॅमरना मधल्यांपेक्षा वेगळा मार बसतो म्हणून नुसती सरासरी काढू नका, शेजारच्या शेजारच्याशी जोडी लावून बघा. रबर व्हीलने दिलेली क्रमवारी तिथं तशीच आली तर पुढच्या वर्षी कारखान्याला रिपोर्ट देताना तुमच्या हातात दोन्ही आकडे असतील. क्रमवारी उलटी आली तर उतरवलेले हॅमर घेऊन परत भिंगाखाली बसा आणि स्कारचे, हॅमरच्या कडांचे फोटो इथं टाका, मी नक्की बघेन.